जिल्हा : पश्चिम खानदेश

मेळाव्याच्या तयारीत आपल्या तुकडीची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. १९७४ साली जुन्या अकरावीला बसलेले सगळे कोण, हे आठवणीवर सोडून चालणार नव्हते. पन्नास वर्षांत निम्म्या मुलींची आडनावे बदललेली आणि निम्म्या मुलांना आपण टोपणनावानेच ओळखत आलेलो. म्हणून मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन शाळेचे जनरल रजिस्टर उघडले. १९६७ च्या जूनमध्ये आपण पाचवीत आलो, त्या सालची पाने काढली. नाव, जात, जन्मतारीख आकडी व अक्षरी, पूर्वीची शाळा, जन्मस्थळ. नावे उतरवताना जन्मस्थळाच्या रकान्याकडे माझे लक्ष नव्हते. सातव्या-आठव्या नावाला गेले, आणि मग यादी बाजूला राहिली.

एकाच पानावर, एकाच वर्गात बसणाऱ्या मुलांच्या जन्मस्थळापुढे तीन वेगवेगळे जिल्हे होते. काहींच्या पुढे 'प. खानदेश', काहींच्या पुढे 'धुळे', आणि एकाच्या पुढे 'प. खानदेश' लिहून त्यावर तांबड्या शाईची रेघ मारून बाजूला 'सुरत'. यातली बहुतेक मुले नंदुरबार गावात किंवा दहा-वीस किलोमीटरच्या आत जन्मलेली. धुळे लिहिलेला आणि पश्चिम खानदेश लिहिलेला अशी दोन मुले तर शेजारशेजारच्या गल्लीतली. फरक कारकुनाच्या सवयीचा. १९५७ साली आपण जन्मलो तेव्हा जिल्ह्याचे नाव पश्चिम खानदेश होते, १९६७ साली नाव लिहिले जात होते तेव्हा ते धुळे झाले होते. कोणी जन्माच्या वेळचा जिल्हा लिहिला, कोणी लिहिण्याच्या वेळचा. आज आपली नातवंडे त्याच गावात जन्मली तर त्यांच्या दाखल्यावर 'नंदुरबार' येते.

तांबड्या रेघेच्या त्या एका नोंदीकडे नंतर येतो. आधी हा जिल्हा मुळात होता केवढा, आणि एवढासा कसा झाला, ते सांगतो. आपल्याला शाळेत शिवाजी महाराज शिकवले, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, पण आपण ज्या जिल्ह्यात बसून ते शिकत होतो त्याचा इतिहास कोणत्याच पुस्तकात नव्हता. भूगोलाच्या सरांनी मात्र एकदा विचारले होते, "इथून चालत निघालात तर जिल्ह्याची हद्द कुठल्या दिशेला सर्वांत जवळ?" आपण सगळ्यांनी नवापूरकडे बोट केले. सर म्हणाले, "उत्तरेला. तापीकडे." कोणाचा विश्वास बसला नाही. तापी म्हणजे आपलीच नदी, तिच्या अलीकडेच दुसरे राज्य कसे लागेल? पण निझर इथून वीसेक किलोमीटरसुद्धा नाही.

खानदेश हे नाव इंग्रजांचे नाही. फारुकी सुलतानांचे राज्य बुऱ्हाणपुरास होते, त्यांना 'खान' ही पदवी होती, त्यावरून खानांचा देश अशी एक व्युत्पत्ती सांगतात. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि शाहजादा दानियाल याच्या नावावरून सुभ्याचे नाव 'दानदेश' केले. ते नाव टिकले नाही. मोगलांच्या सुभ्याचे मुख्य शहर बुऱ्हाणपूरच होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे ज्याला इंग्रजांनी खानदेश जिल्हा म्हटले त्यात बुऱ्हाणपूर नाहीच. ते शिंद्यांकडे राहिले, १८६० च्या सुमारास इंग्रजांकडे आले ते मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात, आणि आज मध्य प्रदेशात आहे. ज्या शहरामुळे मुलुखाला नाव मिळाले तेच शहर मुलुखाच्या बाहेर. आपल्या हद्दींच्या गोष्टीची सुरुवातच अशी आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलुखाचे भाग पाडले, त्यांपैकी खानदेशावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याला नेमले. त्याने कचेरीसाठी धुळे निवडले, कारण ते मुंबई–आग्रा रस्त्यावर, मुलुखाच्या मध्यावर होते. तेव्हाचे धुळे म्हणजे काय, तर १८१९ च्या मोजणीत ४०१ घरे आणि २,५०९ माणसे. आपल्या शाळेच्या गॅदरिंगला याहून अधिक गर्दी जमत असे. यशवंतराव होळकराच्या काळातली लूट, १८०३-०४ चा दुष्काळ, भिल्लांचे आणि पेंढाऱ्यांचे हल्ले यांनी मुलूख ओस पडला होता. ब्रिग्जला आधी माणसे आणून बसवावी लागली, मग त्यांच्यावर सारा बसवता आला.

या पहिल्या खानदेशाच्या हद्दी रेघ मारल्यासारख्या नव्हत्या. पेशव्यांचा मुलूख इंग्रजांचा झाला, होळकरांनी मंदसोरच्या तहाने आपला वाटा सोडला, पण शिंद्यांचे परगणे मधेमधे तसेच राहिले. इंग्रजांच्या गावाच्या शेजारी शिंद्यांचे गाव, पलीकडे पुन्हा इंग्रजांचे. अलीकडे चोरी करून पलीकडे पळालेल्या माणसाला कोणी धरायचे, हा रोजचा प्रश्न. १८४३-४४ च्या ग्वाल्हेर युद्धानंतर यावल, पाचोरा यांसारखे शिंद्यांचे परगणे जिल्ह्यात आले आणि नकाशातली भोके बुजत गेली. पारोळ्याचा किल्ला झाशीच्या नेवाळकर घराण्याचा. १८५७ च्या उठावानंतर तोही जप्त झाला. राणीचे नाव घेतले की आपण झाशीकडे पाहतो. तिच्या सासरच्या घराण्याचा किल्ला आपल्याच जुन्या जिल्ह्यात उभा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते? मला चाळिशीत कळले.

पश्चिमेकडे आणखी वेगळीच तऱ्हा होती. सातपुड्याच्या पायथ्याला काठी, सिंगपूर, गव्हाळी, नाला, चिखली ही मेवासी संस्थाने, आणि दक्षिणेला डांगच्या भिल्ल राजांचा मुलूख. हे कलेक्टरच्या जिल्ह्यात धरायचे की नाही? इंग्रजांचे उत्तर होते, अर्धे. मुलूख राजांचा, पण देखरेख खानदेशच्या अधिकाऱ्याची. १८२५ मध्ये धरणगावी जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी केली, आणि १८३० मध्ये तिलाच घेऊन तो डांगात शिरला. १८४२ मध्ये डांगची सागवानाची जंगले इंग्रजांनी राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली. लाकूड बाहेर गेले, राजे नावाचे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी डांगची देखरेख सुरतेच्या कलेक्टरकडे गेली, आणि डांग कोणाचा हा वाद १९६० पर्यंत चालला, त्याचे एक मूळ या कागदी बदलात आहे असे मला वाटते. बोली, लग्नसंबंध आणि बाजार पाहिला तर डांग आपल्याकडेही होता आणि तिकडेही. फाईल मात्र एकाच कपाटात राहू शकते.

जिल्ह्याचा पहिला मोठा तुकडा पडला १८६९ मध्ये. तोपर्यंत नाशिक हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो करायचे ठरले तेव्हा बराचसा भाग अहमदनगरातून घेतला, आणि खानदेशातून नांदगाव, मालेगाव व बागलाण हे तीन तालुके काढून दिले. मालेगावच्या भुईकोट किल्ल्यासाठी १८१८ मध्ये इंग्रजांना महिनाभर झुंजावे लागले होते, तो खानदेशातला मोठा संग्राम होता. पन्नास वर्षांनी ते गाव नाशिक जिल्ह्यातले झाले. पण सटाणा-मालेगावच्या माणसाने तोंड उघडले की तो अहिराणीच बोलतो. तिकडची सोयरीक आजही इकडेच होते. माझ्या मामीचे माहेर कळवणचे. ती नाशिकला 'तिकडे' म्हणायची आणि धुळ्याला 'आपल्याकडे'. सरकारी हद्द बदलून तेव्हा शंभर वर्षे झाली होती.

एवढे देऊनही खानदेश प्रचंड होता. १०,०४१ चौरस मैल. पश्चिमेला अक्कलकुव्यापासून पूर्वेला रावेर-एदलाबादपर्यंत. धुळ्याहून रावेर दीडशे किलोमीटरवर, आणि धडगाव-मोलगीच्या माणसाला धुळे गाठायचे तर आधी सातपुडा उतरायचा, मग तापी ओलांडायची, मग रस्ता. पावसाळ्यात ते चार महिने नाहीच. कलेक्टर जिल्ह्याचा दौरा करतो म्हणजे वर्षातून एकदा तंबू ठोकतो. मोठ्या जिल्ह्यात काही तालुक्यांना त्या तंबूचे दर्शन पिढीतून एकदा.

मधल्या काळात पूर्व आणि पश्चिम यांत फरक पडत गेला होता, तो रेल्वेने. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी गेली. त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लंकाशायरला पोचेना, आणि आपल्याकडच्या कापसाला कधी मिळाला नव्हता असा भाव आला. काळी जमीन, तापीचे खोरे आणि दारात रेल्वे. जळगाव हे तोवर किरकोळ गाव होते, त्याची पेठ झाली, मग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. भुसावळ तर रेल्वेनेच वसवले म्हणायचे. धुळ्याला मात्र रेल्वे १९०० पर्यंत नव्हती, तीही चाळीसगावाहून आलेली फाट्याची. सुरतेहून अमळनेरला जाणारी तापी खोऱ्याची लाईनही त्याच सुमारास पुरी झाली, म्हणून नंदुरबार, नवापूर जगाला जोडले गेले. आपण ज्या गाडीने सुरतेला लग्नाची खरेदी करायला जायचो ती हीच लाईन.

जमिनीच्या मोजणीचीही एक आठवण इथे सांगायला हवी, कारण हद्द ही काही फक्त जिल्ह्याची नसते. १८५२ मध्ये सरकारने शेतांची नवी मोजणी सुरू केली तेव्हा सावदा, फैजपूर, रावेर या भागात हजारो शेतकरी जमले. साखळी घेऊन आलेले लोक सारा वाढवायलाच आलेत, असा त्यांचा ग्रह होता. सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांना धरले, आणि मोजणी पुढे चालू झाली. आज ज्या सर्व्हे नंबरावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात तो नंबर ही त्या मोजणीची संतती. चौऱ्याऐंशी वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, त्याच फैजपुरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, नेहरू अध्यक्ष होते. दोन्ही गोष्टी एका गावच्या, पण पहिल्या वेळी ते गाव खानदेशात होते आणि दुसऱ्या वेळी पूर्व खानदेशात.

कारण १९०६ मध्ये जिल्हा दुभंगला. कर्झनसाहेबाने बंगाल तोडला तो आदल्या वर्षी, त्यावरून देश पेटला. खानदेशाच्या या फाळणीची आज कोणी आठवणही काढत नाही. कामकाजाच्या सोयीची गोष्ट म्हणून ती झाली आणि सोयीची होतीही. पण वाटणी कशी झाली ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. पूर्व खानदेशाला ४,५४४ चौरस मैल जमीन मिळाली, पश्चिमेला ५,४९७. म्हणजे थोरला वाटा आपला. पण १९०१ च्या जनगणनेची माणसे मोजली तर पूर्वेत ९,५७,७२८ आणि पश्चिमेत ४,६९,६५४. चौरस मैलाला तिकडे दोनशे अकरा माणसे, इकडे पंच्याऐंशी. भागाकार मी दोनदा करून पाहिला. पूर्वेला कापूस, केळी, रेल्वे, पेठा. पश्चिमेला सातपुडा, अक्राणी, नवापूरचे जंगल, आणि वर १८९९-१९०० च्या दुष्काळाचा तडाखा. भावाभावांत वाटणी होते तेव्हा एकाला बागायत आणि दुसऱ्याला डोंगराकडची जास्त एकरांची जिरायत देतात आणि म्हणतात, बघा, तुमचेच क्षेत्र जास्त. तसे झाले. जाणूनबुजून झाले असे मी म्हणत नाही. रेघ मारणाऱ्याने तालुके जसेच्या तसे उचलले: अमळनेर, एरंडोल, चोपडा, जळगाव, जामनेर, पाचोरा, भुसावळ, यावल, रावेर, चाळीसगाव एकीकडे. धुळे, शिंदखेडा, शिरपूर, पिंपळनेर म्हणजे आजचे साक्री, नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूरचा पेटा दुसरीकडे. तालुके जसे होते तसेच विषम होते.

मात्र आपल्या मनात जो 'पश्चिम खानदेश' आहे तो या चौपन्न वर्षांचा, १९०६ ते १९६०. राजवाडे धुळ्यात राहिले आणि १९२६ च्या शेवटच्या दिवशी तिथेच गेले, ते या जिल्ह्यात. ९ सप्टेंबर १९४२ ला आपल्या गावच्या चौकात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळी खाऊन पडले, तेव्हाच्या सरकारी कागदांत जिल्हा पश्चिम खानदेश आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी ती मिरवणूक पाहिलेली, एक-दोघांचे तर तीत होते. साने गुरुजी अमळनेरला, म्हणजे पूर्वेत, पण पश्चिमेतली पोरेही त्यांना आपलेच गुरुजी मानत. दोन जिल्ह्यांच्या मधली रेघ माणसांनी फार मनावर घेतली नव्हती. १९४८ मध्ये मेवासी संस्थाने विलीन झाली, अक्कलकुव्याचा तालुका झाला, आणि एवढ्या वर्षांची अर्धी-मुर्धी मालकी एकदाची संपली.

मग १९६०. १ मे रोजी महाराष्ट्र झाला. तो दिवस आपल्याला आठवत नाही, आपण तीन वर्षांचे होतो. पण मुंबईच्या आनंदात आपल्या जिल्ह्याचा एक काठ गेला, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. मुंबई पुनर्रचना कायद्याच्या परिशिष्टात गावांची नावे तालुकावार छापली आहेत. ठाणे जिल्ह्यातले उंबरगाव, आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या चार तालुक्यांतली मिळून १५६ गावे गुजरातेत गेली. डांगही गेला. तापीवर उकाईचे धरण व्हायचे होते, त्याच्या पाण्याखाली येणारा भाग एकाच राज्यात असावा, हा विचार त्यामागे होता. नवापूरच्या गेलेल्या गावांचा उच्छल तालुका झाला, नंदुरबारच्या बाजूचा निझर. तळोद्याचे कुकरमुंडेही पलीकडे गेले. त्याच वर्षी उरलेल्या पश्चिम खानदेशाचे नाव धुळे आणि पूर्व खानदेशाचे जळगाव झाले. खानदेश हा शब्द सरकारी नकाशावरून तेव्हा पुसला गेला, तो पुन्हा आलेला नाही.

नवापूरचे रेल्वे स्टेशन तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. स्टेशन आधीचे, हद्द नंतरची, म्हणून हद्द प्लॅटफॉर्मवरून जाते. तिकीट महाराष्ट्रात काढायचे आणि स्टेशनमास्तर गुजरातेत. एक बाकडे अर्धे इकडे, अर्धे तिकडे, मधे रेघ. लोक त्यावर बसून फोटो काढतात. गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा बाकड्याच्या कुठल्या टोकाला बसलेल्याला पकडायचे यावर आपल्या वर्गातल्या पोलीस खात्यातल्या मित्राकडे बरेच किस्से आहेत, ते त्याच्याकडूनच ऐकावेत, इथे छापण्याजोगे नाहीत.

आता ती तांबडी रेघ.

ती नोंद ज्याची आहे त्याचे नाव इथे देत नाही, तशी त्याची इच्छा आहे. तुम्ही ओळखालच. तो मागच्या बाकावर बसायचा, कबड्डीत त्याला कोणी धरू शकत नसे, मामाकडे राहून शिकायचा. त्याचे गाव तापीकाठचे, १९६० पूर्वी नंदुरबार तालुक्यातले. तो जन्मला १९५७ ला, तेव्हा त्याचा जिल्हा आणि आपला जिल्हा एकच होता. तो तीन वर्षांचा असताना गाव गुजरातेत गेले. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकून तो इकडे पाचवीला आला. आपल्या कारकुनांनी आधी जन्मस्थळ 'प. खानदेश' लिहिले, ते खरे होते. मग त्याच्या आधीच्या शाळेचा दाखला पाहिला, त्यावर 'जि. सुरत' होते. त्यांनी तांबड्या शाईने दुरुस्ती केली. हेतू चांगलाच होता. नेटके काम करणारा माणूस.

आणि आपण त्याला 'सुरती' म्हणायचो. मीही म्हणायचो. तो हसायचा. नव्या सरांनी एकदा हजेरी घेताना विचारले, "तू गुजराती का?" तेव्हा सगळा वर्ग हसला आणि तो हसला नाही, एवढे मला आठवते.

पुढे तो महाराष्ट्रात शिक्षक झाला, नोकरी केली, घर बांधले, निवृत्त झाला. मुलीला इंजिनिअरिंगला जायचे होते, आदिवासी म्हणून राखीव जागा मिळण्याजोगे गुण होते. जातवैधतेचे प्रमाणपत्र हवे. त्यासाठी १९५० पूर्वीचे, आजोबांच्या वेळचे पुरावे हवेत, आणि कुटुंब तेव्हा या राज्याच्या हद्दीत राहत होते हे दिसायला हवे. आजोबांची जमीन होती त्या गावचा सात-बारा गुजरातेतला. कचेरीत त्याला सांगितले, "तुमचे गाव गुजरातचे, तुम्ही तिकडे अर्ज करा." तिकडे गेला तर, "शिक्षण महाराष्ट्रात, नोकरी महाराष्ट्रात, राहता महाराष्ट्रात, मग इथे कशाला आलात?" गावाचे जुने दफ्तर गावाबरोबर हलले होते, ते कुठे सापडेल हे दोन्हीकडे कोणी सांगेना. तो शाळेत आला, रजिस्टरचा उतारा घेतला. त्यात 'प. खानदेश' होते खरे, पण खोडलेले. कचेरीतल्या माणसाने उतारा उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "ही तर खाडाखोड आहे. आणि पश्चिम खानदेश नावाचा जिल्हा आमच्या यादीत नाही."

हे त्याने मला सांगितले तेव्हा प्रवेशाची मुदत संपायला आठवडा होता. आम्ही दोघे धावलो. पुनर्रचना कायद्याची छापील प्रत मिळवली, परिशिष्टात नंदुरबार तालुक्याच्या यादीत त्याच्या गावाचे नाव शोधले. सापडले. वकिलाने त्याला जोडून प्रतिज्ञापत्र केले, की हे गाव १ मे १९६० पर्यंत पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते, माणूस हलला नाही, हद्द हलली. प्रमाणपत्र अखेर मिळाले, पण त्या वर्षीच्या मुदतीत नाही. मुलीचे एक वर्ष गेले. पुढच्या वर्षी प्रवेश झाला, शिकली, आज पुण्यात नोकरी करते. वर्ष मात्र गेले ते गेले.

माझा राग कचेरीतल्या माणसावर फारसा नाही. त्याच्या यादीत खरोखरच पश्चिम खानदेश नसेल. यादी करणाऱ्याने १९६० च्या आधी काही होते हे लक्षात घेतले नाही. आणि हा काही एकट्याचा प्रश्न नव्हे. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुव्याची तेहतीस गावे बुडाली, मणिबेलीपासून. त्यांच्या कागदांवर जिल्हा धुळे, काही माणसे वसली गुजरातेत, काही तळोद्याकडे, आणि १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाल्यावर मागे राहिलेल्यांचाही जिल्हा बदलला. घर बुडालेल्याला जुन्या घराचा पत्ता सिद्ध करायला सांगणे, याला काय म्हणावे?

नंदुरबार जिल्हा झाला त्याचा आनंद आपल्याला झालाच. मोलगीच्या माणसाला आता धुळ्याला जावे लागत नाही, ही साधी गोष्ट नव्हे. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे सहा तालुके आपले, धुळ्याकडे चार राहिले. ज्या धुळ्यातून एकेकाळी रावेरपासून मालेगावपर्यंतचा कारभार चाले त्याच्याकडे आज धुळे, साक्री, शिरपूर आणि शिंदखेडा. आपल्या धुळेकर वर्गमित्रांना हे वाक्य टोचेल, पण आकडा माझा नाही.

पलीकडेही हद्दी हलतच आहेत. २००७ मध्ये सुरतेतून तापी जिल्हा वेगळा झाला, निझर आणि उच्छल त्यात गेले. म्हणजे आपल्या मित्राचे तापीकाठचे गाव त्याच्या एका आयुष्यात पश्चिम खानदेश, सुरत आणि तापी अशा तीन जिल्ह्यांत आणि दोन राज्यांत राहून आले. घरासमोरची चिंच तीच आहे, मी मागच्या दिवाळीत तिच्याखाली बसून आलो. त्याची धाकटी चुलती अजून तिथेच राहते. तिच्याशी अहिराणीत बोललो, तिने चहा दिला आणि नंदुरबारात बाजाराला कांद्याचा भाव काय चाललाय ते विचारले. सुरतेचा भाव तिला विचारायचा नव्हता.

या स्मरणिकेच्या शेवटी सर्वांच्या पत्त्यांची यादी आहे. त्यात 'मूळ गाव व जिल्हा' असा रकाना ठेवावा की नाही यावर समितीत बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले आजचा जिल्हा लिहा, कोणी म्हणाले रकानाच नको. मी फोन करून त्यालाच विचारले, तुझ्यापुढे काय लिहू. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रजिस्टरात पहिल्यांदा जे लिहिले होते ते लिही. रेघ मारू नकोस म्हणजे झाले."

ते तसेच छापले आहे.